गयाबाईची चूल

चैत्र वद्य ४, सोमवार. मेहकर.

सुमती, माझी सून, दौत घेऊन बसली आहे. ती मिशनच्या शाळेत शिकली, मी कुठल्याच नाही. म्हणून मी बोलायचं आणि तिने लिहायचं. मी बोलते तसं ती लिहीत नाही, धुऊन पिळून लिहिते. माझं 'मले' तिच्या टाकातून 'मला' होऊन निघतं. निघू दे. पण दुसरे जे बोलतील ते बोलले तसंच राहू द्यायचं, असा आमचा करार झाला.

उद्या जानेफळला निघायचं. फाल्गुनातल्या गारांनी तिकडची घरं फोडली, छपरावरच्या कवेलूंचा चुरा झाला. आमच्या ख्रिस्ती मंडळीने ठरवलं, ज्या घरात कर्ता पुरुष नाही ती पाच घरं पावसाआधी नीट करून द्यायची. घर कोणत्या का देवाचं असेना. योहान मास्तर पुढारी. गवंडीकाम जाणणारे दोघे भाऊ. सुमती स्वयंपाकाला, मी लिंपायला. पाळकसाहेब म्हणाले, आजी, या वयात? मी म्हटलं, भिंतीला कुठे दिसतंय माझं वय.

प्रार्थनेनंतर मास्तरांनी घरवाल्यांची नावं वाचली. पाचवं नाव गयाबाई. मास्तर पुढे उपासनेचं सांगू लागले. मी त्या पाचव्या नावावरच बसून राहिले.

चैत्र व. ५, मंगळवार. जानेफळ.

गाडीने हाडं खिळखिळी केली. शाळेमागच्या चिंचेखाली बिऱ्हाड टाकलं. गावच्या विहिरीवर आम्हा किरिस्तावांना चढू देत नाहीत, म्हणून नाल्यात झिरा खणला. पाणी गोड लागलं. मास्तर म्हणाले, देवाची कृपा. खणलं दोघा भावांनी.

इथे एक लिहून ठेवायला हवं. गयाबाई माझी सख्खी मोठी बहीण. मास्तरांना ठाऊक नव्हतं, सुमतीला अर्धंच ठाऊक होतं. ज्या घरात ती राहते ते आमचं माहेर. ती विधवा होऊन परत आली आणि मायने घर तिच्या हाती दिलं. मोठ्या दुष्काळानंतर माझ्या नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला, त्याच्यामागून मी. मी काशीची मार्था झाले. त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून गयाबाईने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही आणि मला आपलं दिलं नाही. माय गेली तेव्हा मी आले होते. अंगणात बसले, घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी प्याले, परत गेले. नंतर दोनदा आले, तेव्हाही तांब्या सोबत. भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

(सुमतीने 'माय'च्या जागी 'आई' लिहिलं होतं. खोडायला लावलं. माय ती माय.)

चैत्र व. ७, गुरुवार.

दोन घरं झाली. पहिल्या घरची म्हातारी बहिरी. तिला वाटलं आम्ही जमीन मोजायला आलोत. दिवसभर दारात आडवी बसून राहिली. संध्याकाळी वर नवे कवेलू दिसले तेव्हा मास्तरांच्या पाया पडली. मास्तर मागे सरले ते शेणाच्या टोपल्यात.

मास्तर माणूस सोन्याचा. फक्त त्यांचं सगळं शिक्षण मिशनच्या बंगल्याच्या व्हरांड्यात झालं. मिससाहेबांनी त्यांना एक कागद काढून दिला आहे, घर कसं असावं त्याचा. खिडकी इथे, धुराडं इथे, गुरं बाहेर. प्रत्येक घरात तो कागद उघडतात आणि घर त्या कागदासारखं नाही म्हणून हळहळतात.

माझं लिंपण पाहायला बाया जमतात. एकीने विचारलं, बुढे, कोणत्या गावची तू? म्हटलं, याच. ती हसली. खोटं वाटलं तिला.

चैत्र व. ९, शनिवार.

तिसरं घर कोंडीचं. कांदे पिकवते, जीभही तशीच, पण मन साफ. तिचं घर गयाबाईच्या कुंपणाला लागून. मी भिंत लिंपताना पलीकडे गयाबाई डाळ पाखडत होती. आम्हा दोघींच्या मध्ये तुराट्यांचं कुंपण. तिचे केस पांढरे झाले. माझेही झाले असणार. तिचे हात पाहिले. बोटांची पेरं सुजून गाठी झालेल्या. पाखडताना सूप तळव्याने धरते.

बोललो नाही. ती मात्र थोडं जास्तच जोरात पाखडत होती.

कोंडीने नंतर सांगितलं, "गयामाय ईचारत होती, त्या बुढीले हातानं झेपते का हे सगळं म्हनून." मी म्हटलं, सांग, हात अजून जागेवर आहेत. कोंडी म्हणाली, "तुमीच सांगा नं मावशी. मध्ये चार तुराट्याच तं आहेत."

चैत्र व. ११, सोमवार.

चौथं घर परवाच तिसऱ्याबरोबर आटोपलं, छोटं होतं. काल उपासना चिंचेखाली. आज गयाबाईचं घर धरलं.

ती आधी नको म्हणत होती. पाटलाने समजावलं तेव्हा कबूल झाली. स्वयंपाकघराची मागची भिंत गारांच्या पाण्याने बसली आहे, ती तशीच राहिली तर पावसाळ्यात घरच बसेल. तिने मास्तरांना म्हटलं, भिंत बांधा, कवेलू घाला. मग देव, पाण्याची घागर, पिठाची मडकी सगळं उचलून पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. चुलीचं कोणी बोललं नाही. ते बोलायचं असतं हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

मी आत गेले नाही. बाहेरून माती कालवून दिली. पडलेल्या भिंतीतून आत दिसत होतं. मायची चूल तशीच, त्याच कोपऱ्यात. बाजूला वैल, त्यावर दुधाचं भांडं ठेवण्यापुरती जागा. दर वर्षी गयाबाई तिला पांढऱ्या मातीने पोतारत असणार, कड अगदी गुळगुळीत होती.

चैत्र व. १२, मंगळवार.

आज वाईट झालं. सुमती म्हणते उद्या लिहू. नको, आजच लिही.

सकाळी ग.बाई (सुमती आता एवढंच लिहिते, हात दुखतो म्हणे) वावरात तुराट्या आणायला गेली. भिंतीचा पाया रुंद घ्यायचा तर चूल आड येत होती. मास्तरांनी कागद उघडला. कागदात चूल दुसऱ्या कोपऱ्यात, धुराड्याखाली. म्हणाले, म्हाताऱ्या बाईचे डोळे धुराने जातात, आपण तिला ही सोय करून देऊ, परत येईल तेव्हा खूश होईल. मी बाहेर माती तुडवत होते. मास्तरांनी तिथूनच विचारलं, आजी, चूल तिकडे हलवू का?

मी म्हटलं, हलवा.

मातीची चूल हलत नाही, मोडते. हे मला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू? मिशनच्या घरांत माझी चूल दोनदा बदलली. पहिल्यांदा रडले होते, दुसऱ्यांदा मीच कुदळ दिली. या तीस वर्षांत चूल म्हणजे काय ते मी विसरले. विसरले हेही आज कळलं.

ग.बाई दुपारी आली. डोक्यावर तुराट्यांचा भारा. तिने पाहिलं. भारा टाकला नाही, सावकाश खाली ठेवला. मास्तर हसतमुखाने धुराडं दाखवायला पुढे झाले. ती त्यांना म्हणाली, "चूल मोडते ते घर मेल्यावर. मी तं जित्ती आहो अजून, मास्तर."

मग अंगणात तीन दगड मांडले आणि त्यावर भाकरी केली. सुतकात करतात तशी.

चैत्र व. १३, बुधवार.

भिंत पुरी झाली.

कोंडीने सगळं सांगितलं. आखाजी सोमवारी. त्या दिवशी नवी घागर भरायची, गोड रांधायचं आणि पितरांच्या नावाने चुलीतल्या विस्तवावर घास टाकायचा. ग.बाई दर वर्षी मायचा घास त्याच चुलीत टाकते. आता चूल नाही. तिच्या बोटांना नवी घालता येत नाही. कोंडी म्हणाली मी घालते, तर नको. पाटलाची सून आली, तिलाही नको. "म्हंते, मायनं घातली तशी कोनाले येते? दुसऱ्या चुलीवर माय जेवाले येईन का? आन् सुतकाच्या दगडावर मायले कशी जेवू घालू?" एवढं सांगून कोंडीच रडायला लागली.

आमच्यात पितरांना घास टाकत नाहीत. पण बाप्तिस्मा मी घेतला, मायने नाही. ती अजून ग.बाईकडेच जेवते. या वर्षी माझ्यामुळे उपाशी राहील.

संध्याकाळी मास्तर क्षमा मागायला गेले. मी कुंपणाजवळ उभी. ग.बाईने त्यांना पाट दिला. त्यांच्यावर रागावली नाही. म्हणाली, "तुमी मानूस, तुमाले चुलीचं काय माईत. ज्याले माईत होतं त्यानं काऊन नाही सांगलं?"

माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

मग मी तुराट्यांवरून म्हटलं, "बाई, मीच म्हनलं हलवा म्हनून."

इतक्या वर्षांनी बोलले ते हे. ती उठून आत गेली. मास्तर पाटावर तसेच, हातात टोपी.

चैत्र व. १४, गुरुवार.

पहाटेच उठले. चूल घालायची तर आजच. उद्या अमावास्या, अमावास्येला चूल घालत नाहीत, आणि परवा घातली तर आखाजीपर्यंत वाळणार नाही. मी किरिस्ताव असले तरी चूल किरिस्ताव नाही.

गावात कोणाच्या नव्या घरी माय चूल घालायची तेव्हा आम्ही दोघी दोन बाजूंना बसायचो. ग.बाई उजवीकडे, मी डावीकडे. माय बोलायची नाही, हात दाखवायची. तोंड एक वीत चार बोटं. मागची भिंत तीन मुठी. वैलाचं भोक अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नाही, तर्जनीपर्यंत. मी चुकले की ओल्या हाताची चापट बसायची. ग.बाई चुकायची नाही.

माती मायच्या वावरातली, बांधाकडच्या पडक्या वारुळाची. दोघा भावांनी आणली. भुसा, शेण कोंडीकडून. आता पाणी. आमच्या झिऱ्याचं चालायचं नाही, हे तरी या वेळेला आठवलं. कोंडीला म्हटलं, ग.बाईच्या घागरीतलं मिळालं तर बघ. मागू नको, मागितलं तर तिला नाही म्हणावं लागेल.

कोंडी बऱ्याच वेळाने आली. कमरेवर भरलेली घागर. म्हणाली, "उंबऱ्याबाहीर ठेवली होती. मी ईचारलं नाही, तिनं सांगलं नाही."

म्हणजे पाणी तिचं, माती मायची, हात तेवढा माझा.

शाळेमागे, चिंचेच्या सावलीबाहेर, एका फळीवर चूल घातली. वरून ऊन. ग.बाईच्या अंगणातून ती जागा दिसते, मुद्दामच निवडली. मास्तर मदतीला आले, कागद बिऱ्हाडी ठेवून. त्यांना भुसा चाळायला बसवलं. दुपारी कोंडी निरोप घेऊन आली, "गयामाय म्हंते, भुसा कमी पडला, चूल तडकन." मी माती पाहिली. खरंच कमी होता. मूठभर घातला.

संध्याकाळपर्यंत झाली. वीत मोजताना बोटं पुरती ताठ होईनात. ओढून ओढून मोजली.

अमावास्या, शुक्रवार.

काही केलं नाही. चुलीवरची कोंबडी हाकलली. सुमतीला वाटतं मी चुलीशी बोलते. हो, बोलते. दुसरं कोण ऐकतं.

वैशाख शु. १, शनिवार.

वैलाजवळ केसाएवढी तडक. बोटाने पाणी लावून बुजवली. पुन्हा दिसली, पुन्हा बुजवली.

मास्तर विचारत होते, या चुलीवर ती मृतांना घास टाकणार, मग आपण ती बनवण्यात काही दोष आहे का. मी म्हटलं, मास्तर, मोडण्यात दोष वाटला होता का? ते म्हणाले, नव्हता वाटला, आजी. तिथेच चुकलं. त्यांचे डोळे भरून आले होते. चांगला माणूस आहे. उगाच बोलले.

वैशाख शु. २, रविवार.

उपासना झाल्यावर दोघा भावांनी चूल फळीसकट उचलली. मी पुढे. ग.बाईच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. आत न्यायची की नाही ते तिचं तिने ठरवायचं.

ती जात्याजवळ बसली होती. उठली नाही. चुलीकडे बराच वेळ पाहिलं. मी तिथेच उभी, हात मातीचे. वाटलं, आता एक शब्द तरी. तिने जात्यात घास टाकला आणि दळायला लागली.

उन्हात किती उभी राहणार. परत आले.

सुमतीने हात धुवायला पाणी घातलं. म्हणाली, सासूबाई, तुम्ही तुमचं केलं. ही तिच्या शाळेतली वाक्यं. कामाला येत नाहीत, पण ऐकून घेते.

वैशाख शु. ३, सोमवार. आखाजी.

सकाळीच गाडी जुंपली. पाचही घरं झाली, गाव निरोपाला आलं. बहिऱ्या म्हातारीने मास्तरांना कांद्यांची माळ घातली. ग.बाई नव्हती.

गाडी वळताना मागे पाहिलं. आज सगळ्या घरांवर धूर, सण आहे. ग.बाईच्या घरावरही होता. पण तो अंगणातल्या दगडांचा की आतल्या चुलीचा, माझ्या डोळ्यांना उमगेना. सुमतीला विचारलं, उंबऱ्याबाहेर चूल दिसते का. ती म्हणाली डोळ्यात धूळ गेली. खोटं बोलायला अजून शिकायची आहे. कुंपण आड आलं असेल असं म्हणाली असती तर मी मानलं असतं.

रस्ताभर एकच विचार. माय आज कुठे जेवली असेल.

वैशाख शु. ५, बुधवार. मेहकर.

अंग दुखतं. पाळकसाहेब भेटायला आले. काम फार छान झालं म्हणाले, मिससाहेबांनाही कळवणार आहेत. मी म्हटलं, बरं. मास्तर सोबत होते, खाली पाहत होते.

आज भाकरी करताना आपल्या चुलीकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिली. कड खरबरीत आहे. आळस.

वैशाख शु. ७, शुक्रवार.

कोंडी मेहकरच्या बाजारात कांदे विकायला आली होती, तिथून घरी. बसली, पाणी प्याली (ती पिते, कोणाला सांगू नका म्हणते आणि सगळ्यांना सांगते). गावचं हे ते झालं. मी विचारत नव्हते. शेवटी जाताना दारात वळून म्हणाली, अवो मावशी, निरोप राह्यलाच.

तिने जसा सांगितला तसाच लिहून घेतला आहे. "काशीले सांग, चुलीचं तोंड बारीक केलं तिनं. तुराट्या जातात, बाभळीचं लाकूड अडकते. मायची वीत सोडून सोताची घेतली. येऊन नीट करून दे म्हना."

मी कोंडीला विचारलं, काशी म्हणाली? नक्की काशी? कोंडी म्हणाली, मंग काय म्हनन, तुमचं नावच हाये थे.

ती गेल्यावर सुमती हळूच म्हणाली, रागावल्या वाटतं मावशी. मी म्हटलं, पोरी, लाकूड अडकतं हे लाकूड घातल्याशिवाय कळतं का? सुमतीचा टाक थांबला. मग हसली.

हात उजेडात धरून पाहिला. बोटं वाकून आत आली आहेत. मायची वीत मोठी होती, माझीही कधी होती. तीच धरून मोजत होते. ग.बाई बरोबर बोलते. ती चुकत नाही.

उद्या मास्तरांना गाडी जुंपायला सांगितली आहे. म्हणाले, मीही येतो, भुसा चाळायला. सोबत खुरपं घेतलं, जुनं फडकं घेतलं, चार भाकऱ्या. चूल आतल्या कोपऱ्यात असेल तर नीट करायला उंबरा ओलांडावा लागेल. बाहेर काढून ठेवलेली असेल तर नाही.

सुमतीने पिशवीत तांब्याही घातला होता. तो मी काढून फळीवर ठेवला.